गोड्या पाण्यातले मासे आणि जड धातू : कुठून शिरतात, कुठे साठतात, मोजताना कुठे घोळ होतो

निवळशंख

"माशांमध्ये अमुक पीपीएम शिसे आढळले" अशी ओळ वाचली की आधी तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या अवयवात? आकडा ओल्या वजनावरचा की कोरड्या? आणि मासा केवढा होता? ही उत्तरं नसतील तर तो आकडा कशाशीच ताडून पाहता येत नाही. या विषयावरची चर्चा इकडेतिकडे विखुरलेली आहे, ती एका जागी यावी म्हणून हा धागा. सुरुवात मी करतो, जाणकारांनी भर घालावी.

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा बरंच खारट असतं. त्यामुळे पाणी आपसूक आत शिरत राहतं आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. मासा पाणी जवळजवळ पीत नाही, भरपूर पातळ लघवी करतो, आणि गमावलेलं सोडियम-कॅल्शियम कल्ल्यांमधल्या खास पेशींकडून पाण्यातून परत ओढून घेतो. धातू नेमके याच दारातून घुसतात. कॅडमियमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाजवळ जाणारा, म्हणून तो कॅल्शियमच्या वाटेने आत येतो. शिसे आणि जस्त यांचीही बरीचशी वाट तीच. तांबे आणि चांदी सोडियमच्या वाटेने येतात. विषबाधेची लक्षणंही यावरूनच ठरतात: कॅडमियमने रक्तातलं कॅल्शियम घसरतं, तांब्याने सोडियम.

दुसरी वाट अन्नाची. गाळातल्या अळ्या, गोगलगायी, प्लवक, लहान मासे यांच्यासोबत धातू आतड्यात जातो. कातडीतून येणारा वाटा किरकोळ असतो, कारण वर श्लेष्माचा थर आणि खवले.

आत आल्यावर प्रत्येक धातूचं घर वेगळं. तांबे यकृतात. कॅडमियम आधी यकृतात आणि आतड्याच्या भिंतीत, मग हळूहळू मूत्रपिंडात, आणि तिथून ते सहज हलत नाही. शिसे हाडं, खवले, कल्ल्यांच्या कमानी यांत, म्हणजे जिथे कॅल्शियम बसतं तिथे. जस्त सगळीकडेच असतं, कारण ते शरीराला हवंच असतं. स्नायूत, म्हणजे आपण ज्याला मांस म्हणतो त्यात, या सगळ्यांचं प्रमाण सहसा सर्वात कमी.

याला अपवाद पारा. मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं सेंद्रिय रूप, स्नायूतल्या प्रथिनांना चिकटून बसतो. म्हणून "स्नायूत कॅडमियम नाही, म्हणजे पाणी स्वच्छ" हे जितकं चूक, तितकंच "यकृतात पारा कमी, म्हणजे मासा खायला सुरक्षित" हेही चूक.

पिपेट

चांगला धागा. एक भर: मेटॅलोथायोनिन. यकृत आणि मूत्रपिंड धातू धरून ठेवतात ते मुख्यतः या प्रथिनाच्या जोरावर. १९५७ मध्ये ते प्रथम घोड्याच्या मूत्रपिंडातून वेगळं काढलं गेलं. साधारण ६० अमिनो आम्लांची साखळी, त्यातली २० सिस्टीन. एका रेणूवर जस्त किंवा कॅडमियमचे ७ आयन बसतात, एकसंयुजी तांब्याचे १२ पर्यंत. धातू वाढला की पेशी हे प्रथिन जास्त बनवते आणि मोकळा आयन बांधून टाकते.

गंमत अशी की यामुळे यकृतातला आकडा वाढलेला असूनही मासा ठणठणीत असू शकतो. बांधलेला धातू निरुपद्रवी. प्रथिन पुरेनासं झालं की मोकळा आयन एन्झाइमांवर जाऊन बसतो. तेव्हा साठा म्हणजे इजा नव्हे. इजा पाहायची तर वेगळ्या खुणा शोधाव्या लागतात. शिशासाठी रक्तातल्या एएलएडी एन्झाइमची घट ही खूण चांगली, कारण ती बरीचशी शिशाचीच म्हणता येते. मेटॅलोथायोनिन मात्र जस्त, तांबे, कॅडमियम, इतकंच काय ताणातल्या संप्रेरकांमुळेही वाढतं. नुसतं ते वाढलंय म्हणून कॅडमियमकडे बोट दाखवू नये.

तळ्यातमळ्यात

पाण्याच्या कठीणपणाचं नेमकं गणित काय? दोन तलावांत पाण्यातलं कॅडमियम सारखंच, पण एकातल्या माशात दुपटीने जास्त, असं का होतं?

निवळशंख

@तळ्यातमळ्यात, पहिला संशयित कठीणपणाच, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर कल्ल्यावरच्या त्याच जागांसाठी कॅडमियमला झुंजावं लागतं, आणि कॅल्शियमचे आयन हजारो पटीने जास्त असल्याने कॅडमियम मागे पडतं. मृदू पाण्यात दार मोकळं. म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे कॅडमियम, जस्त, शिसे यांचे जलचरांसाठीचे निकष एका आकड्यात नसतात, कठीणपणावर अवलंबून असलेल्या सूत्रात असतात.

दुसरा संशयित विरघळलेला सेंद्रिय कार्बन. पानांच्या कुजण्याने चहासारखं तपकिरी झालेलं पाणी तांब्याला घट्ट बांधतं, आणि बांधलेलं तांबे कल्ल्यावर बसत नाही. तिसरा सामू. तो उतरला की धातूचा मोकळा आयन वाढतो, पण त्याचवेळी हायड्रोजन आयनही त्याच जागेसाठी स्पर्धा करतो, म्हणून परिणाम सरळ रेषेत जात नाही. हे सगळं एकत्र मांडणारं प्रतिमान म्हणजे बायोटिक लिगंड मॉडेल. त्या संस्थेचा तांब्याचा २००७ चा निकष त्यावरच बेतलेला आहे.

त्यामुळे पाण्याचा नमुना घेताना नुसता धातू मोजून थांबू नका. तापमान, सामू, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, अल्कता, सेंद्रिय कार्बन एवढं तरी हवंच. आणि धातू मोजताना पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, नंतर नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणा. हा क्रम उलटा झाला तर आम्ल गाळाच्या कणांवरचा धातू सोडवतं आणि "विरघळलेला" म्हणून भलताच आकडा हाती येतो.

गाळमोजणी

+१. शिवाय पाण्याचा एक नमुना म्हणजे त्या क्षणाचं छायाचित्र. माशाच्या यकृतातला आकडा महिन्यांचा असतो. पहिल्या पावसाच्या लोंढ्यात धातू येऊन गेला आणि नमुना नंतर महिन्याने घेतला, तर पाणी कोरं दिसेल, मासा नाही.

गाळाबद्दलही थोडं, कारण तो नेहमी सुटतो. तळाच्या ऑक्सिजनरहित गाळात सल्फाइड असतं आणि कॅडमियम, शिसे, तांबे, जस्त, निकेल त्याच्याशी जुळून जवळजवळ न विरघळणारे क्षार बनवतात. आम्लाने सुटणारं सल्फाइड आणि त्याचवेळी सुटणारे धातू, दोन्ही मोलमध्ये मोजा. सल्फाइड जास्त असेल तर गाळातल्या पाण्यात मोकळा धातू फारसा नसतो, गाळात एकूण धातू कितीही असो. पण तोच गाळ उपसून काठावर टाकला किंवा तलाव आटून तळ उघडा पडला की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि बांधलेला धातू मोकळा. म्हणून गाळ उपसल्यावर काही काळ माशांतले आकडे वाढलेले दिसू शकतात. ते "नवीन प्रदूषण" नसतं, जुनंच उघडं पडलेलं असतं.

नमुना काढताना गाळ हवेत पसरून वाळवला तर हे मोजमाप गेलंच म्हणून समजा. भांडं काठोकाठ भरायचं, वर हवा ठेवायची नाही, थंड ठेवायचं आणि लवकर मोजायचं.

दुसरी_शक्यता

पाऱ्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. सगळे जड धातू अन्नसाखळीत वर चढत जातात असंच बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं.

पिपेट

@दुसरी_शक्यता, ते विधान सरसकट चुकीचं आहे आणि दुर्दैवाने पाठ्यपुस्तकांतूनही तसंच फिरतं. कॅडमियम, शिसे, तांबे साखळीत वर जाताना बहुधा *कमी* होतात. गोगलगायीत कॅडमियम भरपूर, ती खाणाऱ्या माशात त्याहून कमी, त्या माशाला खाणाऱ्यात आणखी कमी. कारण आतड्यातून त्यांचं शोषण तुटपुंजं होतं, आणि शिसे बसलेली हाडं शिकारी माशाला फारशी पचत नाहीत. पायरी-पायरीने नेमाने वाढणारा धातू म्हणजे मिथाइल पारा.

हे बनतं कसं? असेंद्रिय पारा पाण्यात येतो, बहुतांशी हवेतून. कोळसा, सोन्याच्या खाणी वगैरेंमधून निघालेली पाऱ्याची वाफ हवेत महिनोनमहिने टिकते, म्हणून कारखान्यांपासून शेकडो किलोमीटर दूरच्या तलावातही पारा पोचतो. तळाच्या ऑक्सिजनरहित थरातले सल्फेट वापरणारे, लोह वापरणारे आणि मिथेन बनवणारे काही सूक्ष्मजीव त्याला मिथाइल गट जोडतात. यासाठी लागणारी जनुकांची जोडी, एचजीसीए आणि एचजीसीबी, २०१३ मध्ये सापडली. तोवर कोणता जीव हे करू शकतो ते एकेक वाढवून पाहावं लागत होतं.

मिथाइल पारा सिस्टीनशी जुळला की मेथिओनिन या अमिनो आम्लासारखा दिसतो आणि त्याच्याच वाहकावर बसून पेशीत शिरतो. आतड्यातून शोषण जवळजवळ पूर्ण, बाहेर पडणं अतिशय संथ. पाण्यातल्या मिथाइल पाऱ्याच्या तुलनेत शिकारी माशाच्या स्नायूतलं प्रमाण दहा लाख पटींच्या घरात किंवा त्याहून जास्त भरतं. अशा माशांच्या स्नायूतल्या एकूण पाऱ्यापैकी सहसा ९० टक्क्यांहून अधिक मिथाइल रूपातच असतो, म्हणून नेहमीच्या तपासणीत एकूण पारा मोजून भागतं. यकृताला मात्र हा नियम लावू नका, तिथे असेंद्रिय वाटा बराच असू शकतो. लहान, शाकाहारी माशांतही मिथाइलचा वाटा कमी सापडतो.

गोड्या पाण्यातली दोन ठळक उदाहरणं सर्वांना माहीत असावीत. जपानमधल्या निइगाता प्रांतातली आगानो नदी: १९६५ मध्ये तिथे मिनामाता आजाराची (मिथाइल पाऱ्याच्या विषबाधेची) दुसरी साथ जाहीर झाली, ती नदीतले मासे खाणाऱ्यांमध्ये. आणि कॅनडातल्या ओंटारिओमधली वाबिगून नदी: १९६२ ते १९७० या काळात ड्रायडन इथल्या कागद कारखान्याच्या क्लोरीन विभागातून सुमारे ९ टन पारा नदीत गेला. खालच्या अंगाच्या ग्रासी नॅरोज वस्तीतल्या लोकांवर आणि तिथल्या माशांवर त्याचा परिणाम अनेक दशकं राहिला.

गाळमोजणी

यात नव्या धरणांचं जोडा. जमीन पहिल्यांदा पाण्याखाली गेली की माती आणि झाडोरा कुजतो, तळाचा ऑक्सिजन संपतो, सूक्ष्मजीवांना भरपूर खाद्य मिळतं आणि मातीत आधीपासून असलेल्या पाऱ्याचंच मिथाइलीकरण सुरू होतं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या जलाशयांत शिकारी माशांतला पारा वाढून पुन्हा मूळ पातळीवर यायला दोन-तीन दशकं लागलेली आहेत. कारखाना एकही नसताना.

कल्लेवाला

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नमुना कसा घ्यायचा यावर मी लिहितो, कारण अर्धे चुकीचे आकडे यंत्रात नव्हे, कापाकापीच्या टेबलावरच जन्माला येतात.

मासा पकडल्यावर लांबी (तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत) आणि वजन लगेच लिहा. वयासाठी कानातले खडे किंवा खवले काढून ठेवा. लगेच कापणार नसाल तर मासा अख्खाच बर्फावर ठेवा, पण प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत. वितळलेलं बर्फाचं पाणी माशाला लागता कामा नये. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला मासा धातूंसाठी बाद: द्रावणात धातू झिरपतो, द्रावणातलाही माशात येतो.

हातमोजे नायट्राइलचे, पावडर नसलेले. पावडरीच्या आणि रबरी मोज्यांतून जस्त येतं. खाली पॉलिथिलीनची पाटी. क्रोमियम-निकेल मोजायचं असेल तर स्टीलची सुरी नको, सिरॅमिक किंवा टायटॅनियमची घ्या. अतिशुद्ध पाण्याने मासा धुवून बाहेरचा चिखल आणि श्लेष्मा काढा, कातडी सोलण्यापूर्वीच.

स्नायू: पाठीच्या पराखालचा, बाजूच्या रेषेच्या वरचा, कातडी-काटे वगळून. दरवेळी तीच जागा, कारण पोटाकडच्या मांसात चरबी जास्त असते आणि आकडे हलतात.

यकृत: आधी पित्ताशय शोधा आणि न फोडता बाजूला करा. तांबे पित्तावाटेच बाहेर टाकलं जातं, त्यामुळे पित्त सांडलेलं यकृत तांब्यासाठी निकामी. कार्प कुळात (रोहू, मृगळ, कॉमन कार्प) आणखी एक अडचण: यकृत एकसंध गोळा नसतो, स्वादुपिंडासह आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये पसरलेलं असतं. घाईत कापलं की आतड्याचा तुकडा सोबत येतो, आणि आतड्यात गाळ असतो.

मूत्रपिंड: कण्याच्या खाली चिकटलेली गडद लाल पट्टी. वाताशयाची पिशवी काढल्याशिवाय दिसत नाही. कार्पमध्ये वाताशयाच्या दोन कप्प्यांमधल्या खाचेत ते रुंद होतं, तिथून चमच्याने खरवडणं सोपं.

कल्ले: फक्त लाल तंतू कापा, हाडाची कमान आणि पांढरे काटे सोडा. कमान घेतली तर शिशाचा आकडा हाडाचा येतो.

लहान मासे अख्खे वाटून मोजणार असाल तर आतडं रिकामं करणं आवश्यक. नाहीतर तुम्ही मासा नाही, त्याच्या पोटातला चिखल मोजताय.

तळ्यातमळ्यात

कल्ले हा ताज्या प्रदूषणासाठी सर्वोत्तम अवयव असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तुम्हाला पटतं?

कल्लेवाला

निम्मं. पाण्यातून आलेला धातू आधी कल्ल्यावर दिसतो हे खरं. पण कल्ल्यांच्या घड्यांत बारीक गाळ आणि श्लेष्मा इतका अडकतो की वर चिकटलेलं आणि आत गेलेलं वेगळं करणं कठीण. माझा आग्रह असा की कल्ल्यांत अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियमही मोजा. माशाला यांची गरज नसते, ऊतींत ते अगदी कमी असतात, आणि मातीत मात्र भरपूर. कल्ल्याच्या नमुन्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या सोबतीने शिसे, लोह, क्रोमियम वर-खाली होत असतील तर ते गाळाचंच समजा.

पिपेट

पचवण्याची कृती देतो. फ्रीझ-ड्राय केलेला नमुना घ्या; पाऱ्यासाठी ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवू नका, काही पारा उडतो. वाळवण्यापूर्वी आणि नंतर वजन करून पाण्याचं प्रमाण लिहून ठेवा, ते नंतर लागतंच.

सगळी भांडी आधी १० टक्के नायट्रिक आम्लात २४ तास बुडवून अतिशुद्ध पाण्याने धुतलेली. टेफ्लॉनच्या भांड्यात ०.५ ग्रॅम कोरडी पूड, त्यावर ६ मिली ६५ टक्क्यांचं शुद्ध नायट्रिक आम्ल. झाकण न लावता धुरांड्याखाली (फ्यूम हूडमध्ये) अर्धा तास ठेवा, तपकिरी वाफ निघून जाऊ द्या. मग १ ते २ मिली ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू. झाकण लावून मायक्रोवेव्हमध्ये १५ मिनिटांत १९० अंश सेल्सियस, तिथे २० मिनिटं. भांडं ५० अंशांच्या खाली येईपर्यंत उघडायचं नाही. मग अतिशुद्ध पाण्याने ५० मिली.

हा अर्धा तास वाचवायला गेलात तर चरबीदार यकृतात दाब एकदम चढतो, सुरक्षा झडप उघडते आणि नमुना उडतो. यकृताला ०.३ ग्रॅमच घ्या. द्रावण पारदर्शक दिसलं म्हणजे कार्बन संपला असंही नाही. उरलेला कार्बन मोजणीच्या यंत्रातल्या प्लाझ्मात आर्सेनिक आणि सेलेनियमचा संकेत फुगवतो.

०.५ ग्रॅमचे ५० मिली म्हणजे १०० पट पातळ. कोरड्या स्नायूत कॅडमियम ०.०२ मिग्रॅ/किग्रॅ असेल तर द्रावणात ०.२ मायक्रोग्रॅम/लिटर. हे ज्वालेच्या एएएसच्या (अणूंनी शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या) आवाक्याबाहेरचं आहे. ग्राफाइट भट्टी किंवा आयसीपी-एमएस (प्लाझ्मात आयन करून त्यांच्या वस्तुमानावरून धातू मोजणारं यंत्र) हवं. ज्वालेवर मोजून स्नायूत कॅडमियमचे मोठे आकडे देणारे अहवाल दिसले की ते ब्लँकचे (नमुना न घालता तशीच पचवलेल्या भांड्याचे) किंवा पार्श्वभूमीचे आकडे असण्याची शक्यता मी आधी पडताळतो.

दर फेरीत निदान दोन ब्लँक, एक प्रमाणित संदर्भ पदार्थ, म्हणजे ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच माहीत आहे असा (स्नायूसाठी डॉर्म, यकृतासाठी डोल्ट मालिकेतला) आणि एक नमुना दोनदा. यकृत मोजायचं आणि संदर्भ स्नायूचा घ्यायचा, हे चालत नाही. चरबी आणि पातळी दोन्ही वेगळी.

दुसरी_शक्यता

आयसीपी-एमएसवरचे सापळेही सांगा.

पिपेट

यंत्र धातू वस्तुमानांकावरून ओळखतं. आर्सेनिक ७५ वर आर्गॉन आणि क्लोरीन जुळून बनणारा आयन येऊन बसतो, आणि माशाच्या ऊतीत क्लोराइड असतंच. असे जोड-आयन अडवणारी हेलियमची टक्कर-कोठडी चालू ठेवा. क्रोमियम ५२ वर आर्गॉन-कार्बन. कॅडमियम १११ वर मॉलिब्डेनमचं ऑक्साइड, ११४ वर कथिल. दोन्ही समस्थानिकं मोजा आणि उत्तरं जुळतात का पाहा. शिशाचं समस्थानिक प्रमाण स्रोतानुसार बदलतं, म्हणून २०६, २०७, २०८ यांची बेरीज घ्यायची, एकट्या २०८ वर विसंबायचं नाही.

पारा नळ्यांना चिकटतो आणि पुढच्या नमुन्यांत झिरपत राहतो. द्रावणांत आणि धुण्याच्या पाण्यात सुमारे २०० मायक्रोग्रॅम/लिटर सोनं घालतात ते यासाठी. पण खरं सांगायचं तर पाऱ्यासाठी नमुना थेट जाळून मोजणारं यंत्र किंवा शीत-वाफ पद्धत (स्टॅनस क्लोराइड, २५३.७ नॅनोमीटर) जास्त भरवशाची. पाण्याचे पाऱ्यासाठीचे नमुने पॉलिथिलीनच्या बाटलीत नकोत, पारा भिंतीतून आरपार जातो. बोरोसिलिकेट काच किंवा टेफ्लॉन.

निवळशंख

आता आकड्यांचा अर्थ. ओलं-कोरडं हा सर्वात महागात पडणारा गोंधळ. माशाच्या स्नायूत साधारण ७५ ते ८० टक्के पाणी. कोरड्यावर १.२ मिग्रॅ/किग्रॅ पारा आला आणि पाणी ७८ टक्के असेल तर ओल्यावर १.२ गुणिले ०.२२, म्हणजे ०.२६. खाण्याच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात. कोरडा आकडा तसाच ठेवला तर मासा "मर्यादेच्या दुपटीवर" जातो आणि बातमी होते.

संचय गुणांकाचंही तसंच. माशातलं प्रमाण भागिले पाण्यातलं प्रमाण, हा गुणांक कीटकनाशकांसाठी चालतो, धातूंसाठी फसवतो. समजा पाण्यात कॅडमियम ०.१ मायक्रोग्रॅम/लिटर आणि यकृतात ०.५ मिग्रॅ/किग्रॅ: गुणांक ५०००. दुसरीकडे पाण्यात १० आणि यकृतात ५: गुणांक ५००. म्हणजे शंभरपट घाणेरड्या पाण्याचा गुणांक दहापट *कमी*! शोषणाच्या जागा भरून जातात, म्हणून असं होतं. जस्त-तांब्यात तर मासा स्वतःच पातळी राखतो, त्यामुळे पाणी जितकं स्वच्छ तितका गुणांक मोठा.

गाळमोजणी

आणि तो "धातू प्रदूषण निर्देशांक", सगळ्या धातूंच्या आकड्यांचा भूमितीय मध्य काढणारा! जस्त दहांमध्ये, कॅडमियम शतांशांत, आणि दोघांचा एक मध्य. कॉमन कार्पच्या मूत्रपिंडात आणि आतड्यात जस्त निसर्गतःच इतर माशांपेक्षा कितीतरी जास्त असतं. असा एक कार्प नमुन्यात आला की निर्देशांक वाढतो, पाणी तेच. मी हा निर्देशांक पाहिला की थेट मूळ तक्त्याकडे जातो.

कल्लेवाला

धोका-भागफलाच्या (टीएचक्यू, म्हणजे रोज पोटात जाणारी मात्रा भागिले सुरक्षित मानलेली संदर्भ मात्रा) गणितातल्या नेहमीच्या तीन गफलती नोंदवून ठेवतो. एक, रोजच्या आहाराचे ग्रॅम ओले आणि धातूचं प्रमाण कोरडं. भागफल चार-पाच पट फुगतो. दोन, एकूण आर्सेनिकला असेंद्रिय आर्सेनिकची संदर्भ मात्रा लावणं. माशातल्या आर्सेनिकचा बराच भाग सेंद्रिय असतो, आणि गोड्या पाण्यात तो वाटा जातीगणिक बदलतो, त्यामुळे मोजल्याशिवाय गृहीत धरू नये, ना शून्य ना शंभर टक्के. तीन, एकूण क्रोमियमला सहा-संयुजी क्रोमियमची मात्रा लावणं. जिवंत ऊतीत ते त्रि-संयुजी होऊन जातं.

तळ्यातमळ्यात

मग खाणाऱ्याने साधं गणित कसं करावं? आणि मासे काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवले, किंवा नीट शिजवले, तर?

निवळशंख

शिजवण्याने धातू जात नाही. उलट पाणी उडाल्याने दर ग्रॅमला प्रमाण थोडं वाढतं. चरबी काढून टाकण्याचा सल्ला पीसीबीसारख्या चरबीत साठणाऱ्या रसायनांसाठी आहे. पारा प्रथिनात असतो, तो तसाच राहतो. यकृत आणि मूत्रपिंड काढून टाकल्याने कॅडमियम नक्की घटतं, डोकं-काटे-कल्ले टाळल्याने शिसे.

पाऱ्याचं गणित: जागतिक अन्न-आरोग्य तज्ज्ञ समिती जेक्फाची मिथाइल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा दर किलो शरीरवजनाला १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ९६ मायक्रोग्रॅम. मासा ०.३ मिग्रॅ/किग्रॅचा असेल तर आठवड्याला ३२० ग्रॅम, ०.५ चा असेल तर १९२ ग्रॅम. युरोपच्या ईएफएसएची मर्यादा १.३, तिच्याने पहिला आकडा २६० ग्रॅमवर येतो. मुलांचं वजन घालून हेच गणित करा, आकडा पटकन खाली येतो. शिशासाठी असं गणित करू नका: २५ मायक्रोग्रॅमची जुनी साप्ताहिक मर्यादा जेक्फाने मागे घेतली आहे, कारण सुरक्षित म्हणावी अशी पातळी ठरवता आली नाही.

पिपेट

स्वच्छ पाण्यात ठेवण्याबद्दल: कल्ल्यांतला धातू दिवस-आठवड्यांत उतरतो, यकृतातलं तांबे आठवड्यांत, मूत्रपिंडातलं कॅडमियम फार फार हळू. स्नायूतला मिथाइल पारा निम्मा व्हायला मोठ्या माशात वर्षही पुरत नाही. आणि त्या काळात खाणं बंद ठेवलंत तर मासा वाळतो, पारा तितकाच, म्हणजे प्रमाण वाढतं. उलटपक्षी भरभर वाढणाऱ्या माशात तेवढाच पारा जास्त मांसात विभागला जातो.

याचा एक सुंदर पुरावा कॅनडातल्या प्रायोगिक तलावांच्या क्षेत्रातला. एका तलावात पाऱ्याची ओळखता येणारी स्थिर समस्थानिकं २००१ पासून सात वर्षं घातली, मग थांबवली. लहान माशांतला तो पारा झपाट्याने उतरला. मोठ्या पाईक या शिकारी माशांची सरासरीही आठ वर्षांत खूप घटली. पण एकेका पाईकने पारा टाकून दिला असं नव्हतं. जुने मासे मरत गेले आणि कमी पाऱ्यावर वाढलेली पिढी जागेवर आली.

दुसरी_शक्यता

म्हणजे दोन वर्षांची सरासरी ताडताना माशांचं वय जुळवलं नाही तर सुधारणा-बिघाड काहीच कळणार नाही.

गाळमोजणी

बरोबर. नुसती सरासरी देऊच नका. एकाच जातीचे, लहानापासून मोठ्यापर्यंत पसरलेल्या लांबीचे मासे घ्या, पाऱ्याच्या लॉगची लांबीशी रेषा काढा आणि ठरावीक लांबीवरचा आकडा द्या. रेषांचे उतार दोन ठिकाणी वेगळे असतील तर एकाच लांबीवरची तुलनाही अपुरी, तेही लिहा. जाती वेगळ्या असतील तर स्नायूतला नायट्रोजन-१५ मोजा. अन्नसाखळीतल्या दर पायरीला तो साधारण ३.४ प्रति हजाराने वाढतो, त्यावरून मरळ खरंच वरच्या पायरीवर आहे की त्या तळ्यात कोळंबीवरच जगतेय ते कळतं. कॅडमियम-शिशाला लांबीचा संबंध कमजोर, कधी उलटाही. तिथे ही रेषा ओढून-ताणून बसवू नये.

शोधमर्यादेखालच्या (यंत्राला खात्रीने ओळखता येणार नाहीत इतक्या लहान) आकड्यांच्या जागी शून्य किंवा मर्यादेचा अर्धा भरणं टाळा. निम्म्याहून अधिक नमुने मर्यादेखाली असतील तर सरासरी देण्याऐवजी किती टक्के नमुन्यांत सापडला ते लिहा, आणि मर्यादा काय होती तेही.

कल्लेवाला

मासा मारायचाच नसेल, उदाहरणार्थ दुर्मीळ जात असेल, तर पाऱ्यासाठी पाठीच्या स्नायूतून बायोप्सीच्या पोकळ सुईने छोटा तुकडा काढता येतो. थेट जाळणाऱ्या यंत्राला काही मिलिग्रॅम पुरतात. आधी तिथले दोन-चार खवले उचला, नाहीतर सुई खवलाच कापून आत ढकलते. तुकडा आधी वजन केलेल्या बंद कुपीत लगेच टाका. एवढासा तुकडा टेबलावर पडून राहिला की मिनिटांत सुकतो आणि ओल्या वजनाचा हिशेबच उरत नाही. पराच्या तुकड्यावरही काम झालंय, पण तिथे पारा स्नायूपेक्षा बराच कमी असतो, तेव्हा त्या जातीसाठी पर आणि स्नायू यांचं नातं आधी काही मेलेल्या माशांवर बसवून घ्यावं लागतं.